बैसाखी समाप्त, ११.४०

मुलाची वाटणी होत नाही, असा एक समज आपल्या समाजात फार दिवस टिकून होता. घर वाटता येतं, भांडी वाटता येतात, म्हैस असेल तर दुधाच्या पाळ्या लावता येतात. मूल तेवढं अख्खंच राहतं, असं जुनी माणसं म्हणत. मूल अख्खं ठेवून त्याचा आठवडा वाटायचा, ही साधी युक्ती त्यांना सुचली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. कायद्याला ती सुचली आणि तेव्हापासून अनेक कुटुंबांचं भलं झालं. रायपूरच्या रामटेके आणि खोब्रागडे या दोन कुटुंबांचं किती भलं झालं, त्याची ही हकीकत आहे.

शामराव रामटेके रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. चौतीस वर्षं त्यांनी गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून कोळसा आणि लोखंड इकडून तिकडे नेलं, आणि गाडी कुठल्या स्टेशनात कधी आली, कधी सुटली, हे मिनिटासकट लिहिलं. (गाडी वेळेवर नेणं त्यांच्या हातात नव्हतं. खरी वेळ लिहिणं होतं.) निवृत्तीनंतर लिहायला काही उरलं नाही म्हणून ते दोन वर्षं उदास होते. मग मुलगा प्रशिक आणि सून पायल विभक्त झाले, आणि शामरावांना पुन्हा काम मिळालं.

विभक्त होण्याचं कारण त्या दोघांनाही आता नीट सांगता येत नाही. ते वकिलांच्या फायलीत आहे. बाहेरून दिसायचं ते एवढंच की दोघांनाही नेहमी आपलंच बरोबर असण्याची सवय होती आणि घर दोन खोल्यांचं होतं. पायल आठ वर्षांच्या गंधालीला घेऊन बीरगांवला वडिलांकडे राहायला गेली. तिचे वडील यादवराव खोब्रागडे सिलतऱ्याच्या एका कारखान्यात माल बाहेर जाण्याच्या गेटवर होते. वजनाच्या पावतीशिवाय त्यांनी जन्मात एक ट्रक सोडला नाही. एकदा तर त्यांनी खुद्द मालकाची मोटार काट्यावर चढवली होती. मालक खूश झाले आणि त्यांनी यादवरावांना दुसऱ्या गेटवर पाठवलं.

परस्परसंमतीने जो आदेश निघाला तो सोळा पानांचा होता. परिच्छेद नऊ म्हणत होता की शनिवारी दुपारी चारपासून रविवारी संध्याकाळी सहापर्यंत मुलीचा ताबा पित्याकडे, आणि इतर दिवशी शाळा सुटल्यापासून मातेकडे. देवाणघेवाणीची जागा तटस्थ हवी म्हणून तेलीबांध्याच्या तळ्याकाठचा, गुपचूपच्या (म्हणजे पाणीपुरीच्या) गाडीसमोरचा चौथा बाक मुक्रर झाला. परिच्छेद अकरामध्ये सणांची वाटणी होती. खरी प्रतिभा तिथे दिसली.

हा परिच्छेद वकीलसाहेबांच्या टंकलेखकाने आधीच्या तीनचार पक्षकारांच्या कागदांवरून जमवला होता. त्यात दिवाळी होती, होळी होती, राखी, तीजा, छठ, गणगौर, अन्नकूट, लोहडी, बैसाखी, क्रिसमस, असे एकूण सतरा सण होते. एका ठिकाणी गंधालीचा उल्लेख 'चि. हर्षवर्धन' असा राहून गेला होता. नव्हते ते दोनच दिवस: बुद्धपौर्णिमा आणि चौदा एप्रिल. रामटेके आणि खोब्रागडे ही दोन्ही घरं बौद्ध. दोन्ही घरांत देव्हारा नाही, पूजा नाही. दिवाळी म्हणजे बोनस आणि शेजारच्यांकडून आलेला चिवडा. थोडक्यात, त्यांच्याकडे होत नव्हते ते सगळे सण त्यांना मिळाले आणि होत होते ते दोन राहून गेले.

शामरावांनी त्या जागी बोट ठेवलं. वकीलसाहेब भले गृहस्थ. ते म्हणाले, "अंकल, अभी साइन कर दीजिए. सुधार का आवेदन लगाएंगे तो सात महीने और. त्योहार तो त्योहार है, आपस में देख लेना." आपसात बघून घेता येत नाही म्हणून माणसं वकिलाकडे येतात, हे शामरावांच्या मनात आलं होतं, पण सह्या झाल्या.

आता कायद्याचं असं आहे, की मिळालेला हक्क वापरला नाही तर समोरचा म्हणतो, यांना मुलीची आस्थाच नाही. तेव्हा दोन्ही घरांनी ठरवलं की आदेशात आहेत तेवढे सण झालेच पाहिजेत.

"गणगौर म्हंजे काय असते जी?" शामरावांच्या पत्नी सरलाबाईंनी विचारलं.

"मले काय मालूम. पन सकाळी दहा ते दोन आपल्याकडे हाय."

"आपन तं पूजा करत नाही ना."

"पूजा कुठं लिवली हाय? ताबा लिवला हाय. खीर कर."

अशा रीतीने सणातली पूजा वगळून खाणं आणि ताबा एवढंच ठेवायचं, हा मध्यममार्ग निघाला. सतरा सणांचे चौतीस अर्धे भाग होतात. त्यांतले सोळा रामटेक्यांना मिळाले, सोळा खोब्रागड्यांना, आणि बैसाखी तेवढी अखंड पित्याकडे होती. (टंकलेखकाची जेवणाची वेळ झाली असावी.) दिवाळीचा पित्याचा भाग सकाळी दहा ते दुपारी तीन असल्यामुळे रामटेक्यांनी भर उन्हात पणत्या लावल्या. गल्लीत त्या कुणाला दिसल्या नाहीत, पण पोस्टमनचा पाय भाजल्यावर कळल्या. होळीत रंगवण्याचा भाग पित्याकडे आणि धुण्याचा मातेकडे आला. यावर पायलने लेखी हरकत घेतली होती, ती फायलीत आहे. शाळेत 'मेरा प्रिय त्योहार' या विषयावर निबंध आला तेव्हा गंधालीने लिहिलं, 'गणगौर, पहला आधा भाग, क्योंकि उसमें खीर रहती है.' बाईंनी लाल शाईने 'सही?' असं विचारलं. ते सहीच होतं.

देवाणघेवाणीचं काम प्रशिक आणि पायल यांनी पहिल्या दोन शनिवारी स्वतः करून पाहिलं. दोन्ही वेळा दोघांचंही बरोबर निघालं, म्हणून ते दोन्ही आजोबांकडे आलं. तिथून त्याला खरी शिस्त लागली.

शामरावांनी लांब पुठ्ठ्याचं रजिस्टर घेतलं आणि त्यात रकाने पाडले: सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, डबे (म्हणजे पिशव्या), उशिराचं कारण, सोडली (सही), कोणत्या परिच्छेदानुसार, मिळाली (सही), ताबा कोणाकडे, शेरा. यादवरावांना रजिस्टर आवडलं. त्यांनी फक्त त्यात वजनाचा रकाना नाही याकडे लक्ष वेधलं आणि पुढच्या शनिवारी घरून वजनाचा काटा आणला. तेव्हापासून गंधाली बाकासमोर काट्यावर उभी राहायची, यादवराव वाकून आकडा वाचायचे आणि शामराव लिहायचे. 'शनिवार चोवीस किलो तीनशे. रविवार चोवीस किलो नऊशे. वाढ सहाशे ग्रॅम. कारण: गुपचूप.' मग गुडघे, कोपरे, नखं आणि दात पाहिले जायचे. तळ्याकाठी फिरायला येणारी मंडळी थांबून बघायची. एका बाईंनी, लहान मुलांसाठी हे सरकारी शिबिर दर शनिवारी असतं का, अशी चौकशीही केली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मोठा पेच आला.

"इवाई, दात तेवीस भरून राहिले," यादवराव म्हणाले. विदर्भातले लोक व्याह्याला इवाई म्हणतात. "काल मी चोवीस देले होते."

"पेरूत गेला. वरचा, समोरचा."

"गेला म्हंता तं माल कुठं हाय?"

शामरावांनी खिशातून आगपेटी काढली. त्यात कापसावर दात होता. यादवरावांनी चष्मा वर करून तो पाहिला, तोंडातल्या खिंडीशी ताडून पाहिला आणि सही केली: 'एक दात, सुटा, आगपेटीसह मिळाला.'

"नाना, दूसरा आएगा न," गंधाली म्हणाली. बाबांच्या वडिलांना आबा आणि आईच्या वडिलांना नाना म्हणणारी ही पोरगी मराठी सगळं समजायची आणि उत्तर हिंदीत द्यायची.

"आला की चढवू," नाना म्हणाले.

त्या दिवसापासून दोन्ही आजोबांना एकमेकांबद्दल आदर वाटू लागला. असा माणूस आपल्या खात्यात हवा होता, असं दोघांनीही आपापल्या घरी बोलून दाखवलं.

आणि मग एप्रिल आला.

चौदा एप्रिलचं शामरावांना वेडच होतं. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एकोणीस वेळा त्या दिवशी ड्युटी लागली होती. गाडी कुठल्यातरी आडगावच्या सिग्नलला उभी असायची, दुरून बँडचा आवाज यायचा, आणि शामराव शेवटच्या डब्यात उभं राहून तिकडे तोंड करून हात जोडायचे. प्रशिकने लहानपणी विहारात भाषणं केली, ती त्यांनी सरलाबाईंच्या तोंडून ऐकली. निवृत्त झाल्यावर नातीचं भाषण पहिल्या रांगेत बसून ऐकायचं, एवढी एकच गोष्ट त्यांनी स्वतःसाठी मागून ठेवली होती. यंदा गंधाली पहिल्यांदा बोलणार होती. भाषण मराठीत होतं, शामरावांनीच लिहिलेलं, आणि सहा रविवार घोकून घेतलेलं. त्यांच्या विहाराच्या पत्रकात संध्याकाळी सहा वाजता तिचं नाव छापलं होतं. बीरगांवच्या विहाराच्या पत्रकातही संध्याकाळी सहा वाजता तिचं नाव छापलं होतं, कारण यादवरावही आजोबाच होते.

चौदा एप्रिल मंगळवारी आला. मंगळवार पायलचा.

शामरावांनी आदेश पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतला. चौथ्या वाचनात, परिच्छेद अकरा, अनुक्रमांक तेरावर, त्यांना ती सापडली: 'बैसाखी, संपूर्ण दिवस, पित्याकडे.' कॅलेंडर काढलं. बैसाखी चौदा एप्रिललाच होती. शामरावांनी सरलाबाईंना चहा करायला सांगितला आणि तो न पिताच बाहेर पडले.

शनिवारी बाकावर यादवरावांनी अनुक्रमांक तेरा दोनदा वाचला. त्यांचा चेहरा उतरला, पण माणूस सरळ होता. "कागदात हाय तं हाय," ते म्हणाले. "पन मंग बैसाखीच झाली पायजे, इवाई. बैसाखीच्या पावतीवर दुसरा माल नाही जाऊ देनार मी. नोंद दाखवा लागन."

"दाखवीन," शामराव म्हणाले.

बैसाखी कशी करतात हे विचारायला ते आपल्या जुन्या सरदारजी ड्रायव्हरकडे गेले. अकरा वर्षं सरदारजी इंजिनात आणि शामराव शेवटच्या डब्यात. दोघांत अर्ध्या किलोमीटरचं अंतर, त्यामुळे मैत्री फार चांगली टिकली होती. सरदारजींनी सगळं आपल्याकडे घेतलं. मंगळवारी पहाटे विहारात वंदना करून शामरावांनी आठ वाजता बाकावर गंधालीला घेतलं आणि डोक्याला रुमाल बांधून दोघं गुरुद्वाऱ्यात गेले. कीर्तन ऐकलं, पंगतीत बसून लंगर जेवले, गंधालीने खीर दोनदा घेतली. बाहेर पायऱ्यांवर सरदारजी हात पुसत म्हणाले, "लो गार्ड साब, हो गई आपकी बैसाखी. अब जाओ अपनी जयंती में."

शामरावांनी घड्याळ पाहिलं, रजिस्टर उघडलं आणि लिहिलं: 'बैसाखी समाप्त, ११.४०.'

चौतीस वर्षांची सवय होती. गाडी पोचली की वेळ कागदावर पडते.

घरी सरलाबाईंनी ते वाचलं. त्या सातवीपर्यंत शिकल्या होत्या, पण संसार गार्डाबरोबर केला होता. "अजी, बैसाखी सरली म्हंता?"

"हाव."

"मंग आता कोनता दिवस चालू हाय?"

शामराव खाली बसले. बैसाखी संपली होती, म्हणजे आता साधा मंगळवार चालू होता.

"काहून लिवलं तुम्ही? खोडा ते. सात वाजता सरली म्हनून लिवा."

"अकरा चाळीसलेच सरली ना पन."

"कोन पाहाले येते?"

कुणीच येणार नव्हतं. शामरावांनी पेन उघडलं, त्या आकड्यांवर धरलं, आणि बंद केलं. त्यांनी आयुष्यात खोटी वेळ लिहिली नव्हती. मोठ्या साहेबांनी दम दिला तेव्हाही नाही. त्यांना फार वाईट वाटलं. ते कुणाला सांगायची त्यांची रीत नव्हती, म्हणून इथे सांगितलं आहे.

साडेबारा वाजता ते बाकावर हजर झाले. यादवरावांना फोन गेलाच होता; ते काटा घेऊन आले. रजिस्टर वाचून त्यांनी इवाईंकडे असं पाहिलं, जसं एक कारागीर दुसऱ्याच्या कामाकडे पाहतो. गंधालीला काट्यावर चढवलं. चारशे ग्रॅम वाढ, कारण: लंगर. दात तेवीस, त्यांतला एक हलता. शामरावांनी 'सोडली' या रकान्यात सही केली.

"आबा, आप नहीं आओगे?" गंधालीने काट्यावरूनच विचारलं. "भाषण तो आपने लिखा है."

"रविवारी ऐकीन, बेटा."

"रविवार को जयंती थोड़ी रहती है."

शामरावांनी रजिस्टर यादवरावांपुढे सरकवलं.

यादवरावांनी पेन घेतलं. 'मिळाली' या रकान्याच्या आधी 'कोणत्या परिच्छेदानुसार' हा रकाना होता. त्यांनी 'नऊ' लिहायला घेतलं, आणि त्यांचं पेन थांबलं. आदेशाची प्रत त्यांच्या शर्टाच्या आत असायची. ती काढून त्यांनी परिच्छेद नऊ वाचला.

"बेटा, आज शाळा किती वाजता सुटली?"

"आज तो छुट्टी है, नाना."

"हाव, पन सुटली का नाही?"

"लगी ही नहीं तो छूटेगी कैसे?"

यादवराव बाकावर बसले. "इवाई, गडबड झाली. माझा ताबा शाळा सुटल्यापासून हाय. शाळा तं भरलीच नाही. मी कोन्या पावतीवर घेऊ हिले?" (इतर सगळ्या सुट्ट्या आजवर कुठल्या ना कुठल्या अर्ध्या सणात बसल्या होत्या, म्हणून हा प्रश्न आधी आला नव्हता.)

"घ्या ना जी तशीच," शामराव म्हणाले. ते त्यांच्या तोंडून गेलं खरं, पण ते बोलल्याची त्यांनाच लाज वाटली.

"तुम्ही अकरा चाळीस लिवलं का नाही खरं? मंग मी खोटं लिवू?"

आबांची सही झाली होती, नानांची होत नव्हती, आणि गंधाली दोन सह्यांच्या मधे काट्यावर उभी होती.

"तो मैं अभी किसकी हूँ?" तिने विचारलं.

दोघांनी सोळा पानं पुन्हा एकदा चाळली. "सध्या तं कोनाचीच नाही," यादवराव म्हणाले.

"फिर मैं गुपचूप खा के आती हूँ," ती म्हणाली आणि गेली.

पुढचं सगळं कायद्याने आपोआप झालं. ताबा कुणाचाच नसल्यामुळे तिला एकट्याने नेण्याचा अधिकार दोघांनाही नव्हता, आणि मूल बेवारस सोडता येत नसल्यामुळे निघून जाण्याचा अधिकारही दोघांना नव्हता. म्हणजे दोघांनी सोबतच राहायला हवं होतं. त्यांनी आपापल्या पक्षकारांना बोलावलं. प्रशिक आला, पायल आली, सरलाबाई रिक्षाने आल्या. दोघा आजोबांनी परिस्थिती समजावून सांगितली. "असं कसं?" असं प्रशिक आणि पायल एकाच वेळी म्हणाले. लग्नानंतर त्यांचं एकमत झाल्याची ही पहिलीच नोंद असावी, पण ती कुठे घेतलेली नाही.

दोन्ही विहारांना फोन झाले. आबांच्या विहारात सहा वाजता, बीरगांवला साडेसात वाजता, असं ठरलं. ताबा नसलेली मुलगी आणि ताबा नसलेली पाच मोठी माणसं मिरवणुकीतून निघाली. बँड होता, निळे झेंडे होते, दर चौकात कुणीतरी थंड सरबत देत होतं. गंधाली कधी याच्या खांद्यावर, कधी त्याच्या. कुणी किती वेळ घेतली हे लिहिलं गेलं नाही, कारण रजिस्टर नानांच्या पिशवीत काट्याखाली होतं. एका स्टॉलवर प्रशिक आणि पायल एकाच द्रोणातून बुंदी खाताना दिसले. (द्रोण संपले होते. याचा कोणताही कायदेशीर अर्थ काढू नये.)

सहा वाजता गंधाली विहारात माइकसमोर उभी राहिली. "सन्माननीय व्यासपीठ आणि माझ्या आई-बाबांनो, आज चौदा एप्रिल, आपल्या बाबासाहेबांची जयंती," असं तिने खणखणीत मराठीत सुरू केलं. 'आणि माझ्या आई-बाबांनो' हे शामरावांनी लिहिलेलं नव्हतं. ते पहिल्या रांगेत होते. त्यांनी रुमाल काढला आणि भाषण संपेपर्यंत आत ठेवला नाही. शेजारी बसलेले यादवराव पुटपुटत सगळं भाषण बरोबर म्हणत होते. आठवड्याचे पाच दिवस ते त्यांच्याकडे घोकलं जात होतं. साडेसातला बीरगांवला तेच भाषण झालं, फक्त 'सन्माननीय'मधून जरा वारा जात होता. हलणारा दात दोन विहारांच्या मधे कुठेतरी पडला होता.

शनिवारी बाकावर त्याची नोंद करायची वेळ आली. 'दात बावीस. एक नग कमी. दिनांक चौदा.' मग ताबा कोणाकडे, हा रकाना. दोघांनी बराच विचार केला आणि तो कोरा सोडला. दोघांच्याही नोकरीतला हा पहिला कोरा रकाना.

वकीलसाहेबांना ही त्रुटी कळली तेव्हा त्यांनी आपणहून फोन केला; दोघं आजोबा बाकावरच होते. "अंकल, आवेदन लगा देते हैं. चौदह अप्रैल भी आधा-आधा करवा देंगे. पहला आधा आपका." शामरावांनी फोनवर हात ठेवून यादवरावांकडे पाहिलं. यादवरावांनी मान हलवली.

"राहू द्या, वकीलसाहेब," शामराव म्हणाले. "तेवढं चुकलेलंच बरं हाय."

अशा कुटुंबांना मोडलेली कुटुंबं म्हणण्याची पद्धत आहे, आणि ती चालू ठेवायला हरकत नाही. वाचक, तुमचं कुटुंब शाबूत आहे, याबद्दल अभिनंदन. तुमचं मूल जन्मापासून अखंड तुमच्याच ताब्यात आहे, त्यासाठी तुम्हाला ना बाक लागला, ना काटा, ना सोळा पानं. म्हणूनच तर हे वाचताना तुम्हाला हसू आलं. तेव्हा फक्त एक रकाना भरून द्या: आज त्याचे दात किती? (बसा, आता उठून आत मोजायला जाऊ नका. खोटी नोंद चालत नाही. कोरा सोडा आणि खाली सही करा.)